आशियाई आणि ऑलिम्पिक क्रीडा स्पर्धांतील २३ वर्षांखालील फुटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरमध्ये आमच्याकडे सकाळच्या सरावाला येणारी मुले, त्यांचे पालक आणि जालना, परभणी, नांदेडकडचे क्रीडाशिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न खेळाचे नसून जन्मतारखेचे असतात, म्हणून त्या भागाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

१. आशियाई स्पर्धेत भारताचा मुख्य संघ का खेळत नाही? ही नेमकी कोणती स्पर्धा आहे?

आशियाई क्रीडा स्पर्धा आणि ऑलिम्पिक या अनेक खेळांच्या एकत्रित स्पर्धा आहेत. त्यांतील पुरुषांचे फुटबॉल हे देशांच्या २३ वर्षांखालील संघांमध्ये खेळले जाते. ऑलिम्पिकमध्ये हा नियम १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेपासून, आशियाई स्पर्धेत २००२ च्या बुसान स्पर्धेपासून आणि दक्षिण आशियाई स्पर्धेत २००४ पासून लागू झाला. मुख्य संघ विश्वचषक, आशिया चषक आणि त्यांच्या पात्रता फेऱ्या खेळतो. दोन्ही संघांची जर्सी सारखीच असल्यामुळे दूरदर्शन संचावर पाहणाऱ्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

२. माझ्या मुलाला मागच्या महिन्यातच २३ वर्षे पूर्ण झाली. तो बाद झाला का?

नाही. “२३ वर्षांखालील” हे नाव फसवे आहे. वय स्पर्धेच्या दिवशी मोजले जात नाही, तर जन्मवर्ष पाहिले जाते. स्पर्धेच्या वर्षातून २३ वजा करावेत. त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू पात्र ठरतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी ही तारीख १ जानेवारी १९९३ होती आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी १ जानेवारी २००१. म्हणजे २००१ च्या जानेवारीत जन्मलेला खेळाडू पॅरिसमध्ये साडेतेवीस वर्षांचा असूनही नियमात बसत होता, आणि डिसेंबर २००० मध्ये जन्मलेला त्याचा वर्गमित्र मात्र बसत नव्हता. तो फक्त प्रश्न ५ मधील सवलतीतूनच संघात येऊ शकत होता.

३. मग टोकियो आणि हांगझोऊ येथे २४ वर्षांचे खेळाडू कसे खेळले?

दोन्ही स्पर्धा महासाथीमुळे एकेक वर्ष पुढे गेल्या. टोकियोचे ऑलिम्पिक २०२० ऐवजी २०२१ मध्ये आणि हांगझोऊची आशियाई स्पर्धा २०२२ ऐवजी २०२३ मध्ये झाली. ज्या पिढीने पात्रता मिळवण्यासाठी घाम गाळला, तिलाच बाहेर बसवणे अन्यायाचे ठरले असते, म्हणून जन्मतारखेची रेषा मूळ जागीच ठेवण्यात आली: टोकियोसाठी १ जानेवारी १९९७ आणि हांगझोऊसाठी १ जानेवारी १९९९.

४. वयाची अट घातलीच कशासाठी? ऑलिम्पिकमध्ये मेस्सी, एम्बाप्पे सगळेच खेळले तर काय बिघडेल?

बिघडेल ते विश्वचषकाचे. फिफाला, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाला, आपल्या मुख्य स्पर्धेला दुसरी बरोबरीची स्पर्धा नको आहे, तर ऑलिम्पिक समितीला फुटबॉलची गर्दी हवी आहे. वयाची अट हा या दोघांमधला तह आहे. त्याआधी अनेक दशके केवळ हौशी खेळाडूंनाच ऑलिम्पिक खुले होते. पूर्व युरोपातील साम्यवादी देशांचे खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा कामगार असत, पण दिवसभर फुटबॉलच खेळत. परिणामी १९५२ पासून १९८० पर्यंतची आठही सुवर्णपदके हंगेरी, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, पोलंड, पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यातच वाटली गेली. १९८४ मध्ये व्यावसायिकांना दार उघडले, मात्र युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील विश्वचषक खेळलेल्यांना नाही. ती तडजोड फार टिकली नाही आणि १९९२ मध्ये वयाची अट आली.

माझे वैयक्तिक मत असे की या अटीने स्पर्धेचे भलेच केले. १९९६ मध्ये नायजेरिया आणि २००० मध्ये कॅमेरून यांनी सुवर्णपदक जिंकले. आफ्रिकेच्या वाट्याला पुरुषांचा विश्वचषक अजून आलेला नाही.

५. सुनील छेत्री तर ३९ वर्षांचा होता, तरी हांगझोऊला कसा खेळला?

प्रत्येक संघाला वयोमर्यादेपलीकडचे तीन खेळाडू घेता येतात. ऑलिम्पिकमध्ये ही सवलत १९९६ पासून आहे. छेत्री आणि संदेश झिंगन हांगझोऊला याच सवलतीतून गेले. सवलत घेणे बंधनकारक नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जपानने वयोमर्यादेपलीकडचा एकही खेळाडू न घेता २१ वर्षांखालील संघ उतरवला आणि तरीही अंतिम फेरी गाठली.

ही रेषा किती बारीक असते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. अर्जेंटिनाचा युलियन आल्व्हारेझ ३१ जानेवारी २००० चा. पॅरिसमध्ये तो २४ वर्षांचा होता, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबाने कोवळाच. तरीही त्याच्यावर तीनपैकी एक जागा खर्च करावी लागली. याउलट, २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकणारा मेस्सी २१ वर्षांचा असल्याने वयात बसत होता.

६. शाळेत मुलाची जन्मतारीख १ जून लावली आहे, खरी तारीख वेगळी आहे. पुढे अडचण येईल का?

हा प्रश्न जितका येतो तितका दुसरा कोणताही येत नाही. आमच्या हजेरीपटाच्या एका पानावर सलग चार मुलांपुढे १ जून लिहिलेले आहे, आणि त्यांतली दोन तर सख्खी भावंडे आहेत. कारण सर्वांना ठाऊक आहे: शाळा जूनमध्ये उघडते, ऊसतोडीहून किंवा दुसऱ्या गावाहून परतलेले पालक तारीख सांगू शकत नाहीत, गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवतात आणि १ जून लिहून मोकळे होतात.

दिवस आणि महिना चुकला, पण वर्ष बरोबर असेल, तर पात्रतेत काहीही फरक पडत नाही, कारण रेषा १ जानेवारीला आखलेली असते (प्रश्न २ पाहा). खरी अडचण वर्ष चुकल्यावर येते, आणि आमचा अनुभव असा की ते बहुधा मुलाच्या नुकसानीकडे चुकते. पहिलीत घेण्यासाठी सहा वर्षे पूर्ण दाखवायची असतात, म्हणून मुलाला कागदावर एक वर्ष मोठे केले जाते. पुढे १५, १७, २० आणि २३ वर्षांखालील अशा प्रत्येक पायरीवर त्याला एक हंगाम कमी मिळतो.

दुसरी अडचण कागदांच्या आपापसातील विसंगतीची. जन्म दाखल्यावर एक तारीख, प्रवेश निर्गम उताऱ्यावर दुसरी आणि आधारवर तिसरी असेल, तर कोणतीही तारीख खोटी नसतानाही निवड समितीला संशय येतो. जन्म दाखला आधार मानून बाकीचे कागद मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावेत. एकदा दहावीच्या प्रमाणपत्रावर तारीख छापली गेली की तेच काम कित्येक पटींनी कटकटीचे होते. आणि दुरुस्ती खऱ्या तारखेकडेच करावी. मुलाला लहान दाखवण्यासाठी केलेली “दुरुस्ती” हा वयचोरीचा गुन्हा आहे. “सगळेच करतात” हे उत्तर आम्ही ऐकून घेत नाही.

७. जन्माची नोंदच केलेली नाही. आता काय करावे?

जन्माची नोंद २१ दिवसांत होणे अपेक्षित असते. एक वर्ष उलटून गेल्यानंतर ती करायची असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. अर्ज करण्यापूर्वी जेथे जन्म झाला त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुनी नोंदवही स्वतः जाऊन पाहावी. बाळंतपण माहेरी झालेले असते, नोंद मामाच्या गावी पडून असते आणि वडील मात्र आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालत राहतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

नावाचे स्पेलिंगही तितकेच सांभाळावे. काही वर्षांपूर्वी आमचा एक बचावपटू निवड चाचणीच्या दारातून परतला, कारण दाखल्यावरील आणि आधारवरील वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक होता. चूक आमचीही होती. निघण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचलेच नव्हते. आता प्रत्येक मुलाचे कागद दौऱ्याच्या महिनाभर आधी तपासले जातात.

८. मनगटाचा एमआरआय काढून वय कळते म्हणतात. तो या स्पर्धेतही काढतात का?

तो १७ वर्षांखालील गटासाठी उपयोगी असतो. मनगटाजवळील हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते आणि ती पूर्णपणे भरून आलेली दिसली, तर मुलगा १७ वर्षांखालील असण्याची शक्यता फारच कमी असते. फिफाने ही तपासणी २००९ च्या नायजेरियातील १७ वर्षांखालील विश्वचषकापासून सुरू केली. भारतात लहान गटांसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवण्याची पद्धतही रूढ आहे. विशीनंतर सर्वांचीच पट्टी भरलेली असल्याने २२ आणि २४ वर्षांतला फरक मनगट सांगू शकत नाही; तेथे पासपोर्ट हाच पुरावा. म्हणूनच प्रश्न ६ आणि ७ वर इतका भर दिला आहे.

९. क्लब आपल्या खेळाडूला “जाऊ नको” म्हणू शकतो का?

होय. या स्पर्धा फिफाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या वेळापत्रकात येत नाहीत, त्यामुळे खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबवर नसते. २००८ मध्ये बार्सिलोनाने मेस्सीच्या बाबतीत हाच वाद लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयात नेला आणि निकाल क्लबच्या बाजूने लागला. त्यानंतर क्लबने स्वतःहून त्याला जाऊ दिले. २०२४ मध्ये घरच्या ऑलिम्पिकची इच्छा असूनही एम्बाप्पेला खेळता आले नाही, तेही याच कारणाने.

१०. भारताची आजवरची कामगिरी कशी आहे?

वयाची अट येण्यापूर्वीची आणि नंतरची, अशी दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. अटीपूर्वी भारताने १९५१ मध्ये दिल्लीत इराणला १-० आणि १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले, १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले होते.

२००२ नंतर एकही पदक नाही. २०१० मध्ये ग्वांगझोऊ येथे भारत बाद फेरीत पोहोचला आणि जपानकडून ०-५ असा हरला. हांगझोऊची कहाणी थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम २१ सप्टेंबर २०२३ ला सुरू होत होता आणि भारताचा यजमान चीनविरुद्धचा पहिला सामना १९ सप्टेंबरला होता. क्लबांनी खेळाडू सोडण्यास टाळाटाळ केली, संघाची यादी पुन्हा पुन्हा बदलली आणि संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला. राहुल के. पी. याने कठीण कोनातून सुरेख गोल करून बरोबरी साधली खरी, पण दुसऱ्या सत्रात पाय उचलेनात आणि सामना १-५ असा गेला. त्यानंतर छेत्रीच्या पेनल्टीवर बांगलादेशला १-० हरवले, म्यानमारशी १-१ बरोबरी केली आणि बाद फेरीत सौदी अरेबियाकडून ०-२ असा पराभव झाला. पहिल्या सामन्याचे गुण पाहून मुलांना नावे ठेवणाऱ्यांनी आधी तो प्रवास पाहावा, असे मला वाटते.

११. २०१८ मध्ये संघच गेला नाही, ते का?

सांघिक खेळात आशियातील पहिल्या आठांमध्ये स्थान असेल तरच संघ पाठवायचा, असा निकष भारतीय ऑलिम्पिक संघटनेने लावला आणि फुटबॉल त्यात बसला नाही. २०२३ मध्येही हाच निकष आडवा आला होता, पण त्या वेळी क्रीडा मंत्रालयाने अपवाद केला. मुख्य संघाच्या क्रमवारीवरून २३ वर्षांखालील मुलांचा निर्णय व्हावा, हे मला आजही पटत नाही.

१२. ऑलिम्पिकला आशियातून कसे जाता येते?

२३ वर्षांखालील आशिया चषकातून. २०२४ मध्ये कतारमधील या स्पर्धेतून जपान, उझबेकिस्तान आणि इराक थेट पॅरिसला गेले, तर चौथ्या क्रमांकाच्या इंडोनेशियाला गिनीविरुद्धच्या अतिरिक्त सामन्यात हार पत्करावी लागली. भारत या चषकाच्या मुख्य फेरीत अजून पोहोचलेला नाही. सप्टेंबर २०२५ च्या पात्रता फेरीत आपण बहारीनला २-० हरवले, कतारशी १-२ असे हरलो आणि ब्रुनेईला ६-० हरवूनही गटात दुसरेच राहिलो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे संघ १६ वरून १२ होणार असल्याने वाट आणखी अरुंद होईल.

१३. उद्घाटन सोहळा झालेलाच नसतो, तरी सामने कसे सुरू होतात?

दोन सामन्यांमध्ये विश्रांती द्यावी लागते, आणि गट सामन्यांपासून अंतिम सामन्यापर्यंतचे वेळापत्रक सोळा-सतरा दिवसांत बसत नाही. हांगझोऊचे उद्घाटन २३ सप्टेंबरला होते, फुटबॉल १९ ला सुरू झाले. पॅरिसमध्ये उद्घाटनाच्या दोन दिवस आधी.

१४. येथे केलेले गोल खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय गोलसंख्येत धरतात का?

नाही. ती संख्या मुख्य संघाच्या सामन्यांचीच असते, त्यामुळे छेत्रीचा बांगलादेशविरुद्धचा गोल तेथे दिसत नाही.

१५. मुलींनाही हीच वयाची अट आहे का?

नाही. महिलांचे फुटबॉल आशियाई स्पर्धेत १९९० पासून आणि ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून आहे, आणि दोन्हीकडे देशाचा मुख्य संघच खेळतो.

१६. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी असे काही नाही का?

युवा ऑलिम्पिक होते. २०१० मध्ये सिंगापूर येथे मुलांच्या गटात केवळ सहा संघ होते, प्रत्येक खंडातून एक असे, आणि सर्व खेळाडू १९९५ या एकाच वर्षी जन्मलेले. त्यामुळे वानुआतू, हैती, मॉन्टेनेग्रो यांसारखे लहान देश तेथे दिसले; अंतिम सामन्यात बोलिव्हियाने हैतीला ५-० हरवले. २०१४ मध्ये नानजिंगला पेरू जिंकला. २०१८ च्या ब्युनोस आयर्स स्पर्धेपासून मैदानी फुटबॉलऐवजी फुटसाल (छोट्या, कठीण पृष्ठभागाच्या मैदानावर पाच-पाच खेळाडूंचे फुटबॉल) खेळवले जाते.

१७. एका गटात दोनच संघ होते असे ऐकले. ते कसे शक्य आहे?

हांगझोऊला “क” गटातून अफगाणिस्तान आणि सीरिया यांनी माघार घेतली. उरलेले उझबेकिस्तान आणि हाँगकाँग एकमेकांशी दोनदा खेळले आणि दोघेही पुढे गेले. आपल्या तालुका स्पर्धेत “पुढे चाल” मिळते, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

१८. दक्षिण कोरियाचे खेळाडू या स्पर्धेसाठी इतके जीव तोडून का खेळतात?

तेथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आशियाई सुवर्णपदक किंवा ऑलिम्पिकचे कोणतेही पदक मिळाल्यास तिच्यातून बहुतांशी सूट मिळते. सोन ह्युंग-मिन २०१८ मध्ये प्रश्न ५ मधील सवलतीतून खेळला, अंतिम सामन्यात जपानला २-१ हरवून सुवर्णपदक मिळाले आणि त्याची इंग्लंडमधील कारकीर्द अखंड राहिली. २०१४, २०१८ आणि हांगझोऊ अशी सलग तीन सुवर्णपदके कोरियाची आहेत.

१९. माझा मावसभाऊ परदेशी नागरिक आहे, पण आई-वडील परभणीचे. तो भारताकडून खेळू शकतो का?

भारतीय पासपोर्ट असेल तरच. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशस्थ भारतीय नागरिक हे कार्ड त्यासाठी पुरेसे नाही. जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले, तेव्हाच त्याला भारताकडून खेळता आले.

२०. या सगळ्याशी मराठवाड्याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एक धागा आहे. १९५६ आणि १९६२ च्या संघांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम यांच्या संघाने मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले.

२१. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. येथून तिथपर्यंतचा रस्ता कोणता?

शाळेकडून सुब्रतो चषक (शाळांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा) आणि शालेय स्पर्धा, क्लबकडून जिल्हा संघटनेच्या स्पर्धा, तेथून राज्य संघ. महाराष्ट्राचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय प्रणालीत नोंदणी करून घ्यावी. पहिल्या नोंदणीत लिहिलेली जन्मतारीख खेळाडूच्या मागे कायम राहते. पासपोर्टही वेळेत काढावा आणि अल्पवयीनांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षे किंवा अठरावा वाढदिवस, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो, हे लक्षात ठेवावे.

कागदाबाहेरची अडचण जमिनीची आहे. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि त्या भेगेत घोटा अडकून मुरगळतो. जुलैमध्ये तीच माती बुटाखाली अर्धा किलोचा गोळा होऊन बसते. आम्ही उन्हाळ्यात साडेपाचला मैदानात उतरतो आणि आठच्या आत बाहेर पडतो, पावसाळ्यात मुरमाड कडेवर छोट्या चौकोनात फक्त पासिंग करतो. गवताच्या मैदानावर वाढलेल्या मुलांशी सोळाव्या वर्षी प्रथमच गाठ पडते, तेव्हा आपली मुले पळण्यात नव्हे, तर चेंडूच्या पहिल्या स्पर्शात कमी पडतात. म्हणून जो पालक शक्य असेल तेव्हा मुलाला पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरला स्पर्धेसाठी पाठवतो, तो महागड्या बुटांपेक्षा चांगला खर्च करतो.

२२. मुलगा ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या सुमारास जन्मला. आजी ३१ म्हणते, दवाखान्याच्या कागदावर १ जानेवारी आहे. कोणती तारीख धरावी?

दवाखान्याने कळवलेली आणि जन्म दाखल्यावर नोंदलेली. या एका रात्रीमुळे मुलाला प्रत्येक गटात पूर्ण एक वर्ष अधिक मिळते आणि ते त्याचे हक्काचे आहे. मात्र दवाखान्याच्या कागदावर ३१ डिसेंबर असेल, तर तेही तितक्याच निमूटपणे मान्य करावे. आजीकडून १ जानेवारीचे प्रतिज्ञापत्र करून आणू नये. असे एक प्रतिज्ञापत्र आमच्याकडे आले होते, ते आम्ही परत पाठवले.